लुना कुणाच्या दारात

भागीरथी सिस्टरची लुना दारात येऊन थांबली, की घरातल्या आजारी माणसाला अर्धं बरं वाटायचं, असं हेंद्रेपाड्यातले लोक म्हणायचे. सिस्टर राहायची अंबरनाथला. आडनाव शिरसाट. उल्हासनगरात बरीच वर्षं सरकारी नोकरी करून तिने राजीनामा दिला होता आणि घरोघरी जाऊन इंजेक्शनं, ड्रेसिंग, सलाइन, अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल असं काम सुरू केलं होतं. त्यासाठी उल्हासनगर कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदाराकडून तिने जुनी लुना घेतली. "साईं, चलेगी ना?" असं तिने विचारलं, तर तो म्हणाला, "सिस्टर, तुम थकोगी, ये नहीं थकेगी." त्याचं म्हणणं खरं निघालं. अंबरनाथहून चिखलोलीवरून बदलापूर, रेल्वे ओलांडून पश्चिमेला हेंद्रेपाडा, आणि तिथून पुन्हा परत, ही फेरी ती लुना विनातक्रार करत होती.

सिस्टरचा हात हलका होता, पण लोक तिला बोलवायचे ते तेवढ्यासाठी नव्हे. एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात कधी जात नसे. कुणाची सून दिवस जात नाहीत म्हणून इंजेक्शनं घेते, कुणाच्या सासऱ्याला लघवी कळत नाही, कोण मूळव्याधीचं ड्रेसिंग करून घेतं, हे सगळं तिच्या पोटात असायचं. शेजारीण सहज म्हणून विचारायला आली, तर सिस्टर हसून म्हणायची, "तुमच्याबद्दल पण मी त्यांना काही सांगितलेलं नाही, ताई." पुढचा प्रश्न येत नसे.

नव्वद साली त्या भागात स्कूटर चोरीला जायला लागल्या. आज या सोसायटीतून, आठ दिवसांनी पलीकडच्या गल्लीतून. फॅक्टरीत आणि बँकेत नोकऱ्या करणारी माणसं, कर्ज काढून बजाज घेतलेली. पोलीस तक्रार लिहून घेत आणि पुढे काही होत नसे. तेव्हा लोकांनी मिळून नागरिक संरक्षण मंडळ काढलं. हेंद्रेपाड्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर दोन ड्रम उभे केले, त्यावर आडवा बांबू टाकला, बाजूला पत्र्याची टपरी घातली. अध्यक्ष झाले श्यामकांत देवस्थळी. एका कंपनीतून सिक्युरिटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, सरळ, शिस्तीचे, कडक इस्त्रीचा शर्ट घालणारे गृहस्थ. दिवसा नाक्यावर बसायचा भगवंत. त्याचं सायकलचं दुकान नाक्याला लागूनच होतं, त्यामुळे दोन्ही कामं एकदमच व्हायची.

नाका आला तेव्हा सिस्टरलाही बरं वाटलं होतं. संध्याकाळच्या वेळी त्या वळणावर काळोख असायचा आणि तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. भगवंत पहिल्या दिवशी अदबीने म्हणाला, "सिस्टर, फॉर्मॅलिटी आहे. नाव?"

"भागीरथी शिरसाट."

"शिरसाट म्हणजे..." तो जरा थांबला. त्या थांबण्याची सिस्टरला सवय होती.

"म्हणजे शिरसाट," ती म्हणाली.

"आणि कुणाकडे?"

"अत्र्यांकडे." ती सांगून मोकळी झाली. चोर पकडायचे तर एवढं विचारणारच, असं तिच्या मनात आलं.

महिन्याभरात टपरीला एक काळा फळा लागला. वर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं, 'आज आलेली बाहेरची वाहने'. खाली खडूने गाडी, माणूस आणि ज्याच्याकडे आला त्याचं नाव. कल्पना आण्णांची. आण्णांचं किराणा दुकान होतं आणि पालिकेच्या निवडणुकीवर डोळा होता. सगळं उघड असलं की चोराला जागा राहत नाही, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. लोक संध्याकाळी दूध आणायला निघाले की फळ्यापाशी घुटमळायचे. कुणाकडे कोण आलं, किती वेळ थांबलं, कुणाच्या मुलीला कोणत्या मोटारसायकलने सोडलं, सगळं तिथे वाचायला मिळायचं. चोर मात्र एकही त्या फळ्यावर आला नाही.

मीनल अत्रे ही तिथल्याच एका बालवाडीत शिकवायची. बावीस-तेवीस वर्षांची, बारीक अंगाची, गोड गळ्याची. नाका यायच्या थोडं आधी, हिवाळ्याच्या तोंडाला, तिला खोकला लागला, वजन उतरलं, आणि एक्स-रेत छातीवर डाग दिसला. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि रोजचं इंजेक्शन लिहून दिलं. सुरुवातीचे काही आठवडे ती रजेवर होती. मग डॉक्टरांनीच तपासून सांगितलं, की आता हिच्यापासून कुणाला लागण होणार नाही, खुशाल कामावर जाऊ दे, फक्त औषध अर्धवट सोडू नका. मीनल पुन्हा मुलांत रमली. इंजेक्शन द्यायला सिस्टर सकाळी शाळेआधी जायची.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी सिस्टर गेली तर मीनल गाऊनवरच बसलेली. तोंड धुतलेलं नव्हतं.

"शाळा नाही?"

मीनलची आई आतून आली. "शाळेच्या बाईंनी घरीच बस म्हणून सांगितलंय. पालक विचारायला आले म्हणे. शिरसाट सिस्टर रोज अत्र्यांकडे जाते, रोज इंजेक्शन कशाचं असतं, ते आम्हाला समजत नाही का, असं म्हणाले."

"पण रोज येते हे त्यांना कुठून कळलं?" सिस्टरने विचारलं आणि विचारता विचारताच तिला उत्तर सापडलं.

मीनल खालमानेने बोलली. "सिस्टर, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवते म्हटलं मी. त्या म्हणाल्या, चिठ्ठी खरी असेल गं, पण लोकांची तोंडं कशी धरणार."

सिस्टरने इंजेक्शन दिलं आणि कापूस दाबून धरला. इतकी वर्षं आपण तोंड मिटून ठेवलं आणि आपली लुना मात्र चव्हाट्यावर बोलत राहिली, हे तिला झोंबलं. तीच रोज भगवंतला 'अत्र्यांकडे' असं सांगत आली होती. हसत सांगत आली होती.

परत जाताना ती नाक्यावर थांबली. देवस्थळी टपरीत पेपर वाचत बसले होते.

"साहेब, हा फळा काढा," ती म्हणाली.

देवस्थळींनी चष्मा काढला. तिने नाव न घेता सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. "सिस्टर, तुमची भावना मला समजते. पण नियम एकासाठी बदलला की तो नियम राहत नाही. आणि ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्याने का घाबरावं?"

"लपवण्यासारखं आणि झाकण्यासारखं यात फरक आहे, साहेब. जखम आपण झाकतो. ती काय गुन्हा केला म्हणून?"

देवस्थळींनी पुन्हा चष्मा लावला. "मंडळापुढे ठेवतो," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भगवंतने विचारलं, "कुणाकडे, सिस्टर?"

"पेशंटकडे."

"नाव?"

"ते सांगणार नाही. आजपासून कुणाचंच सांगणार नाही."

भगवंत गोंधळला. मागे एक टेम्पो येऊन थांबला, दोन स्कूटर थांबल्या. "मग बांबू वर करता येत नाही मला. आण्णा ओरडतील."

"नको करूस." सिस्टरने लुना तिथेच, बांबूच्या बरोबर पुढ्यात, स्टँडवर लावली. बास्केटमधली बॅग काढली, बांबूखालून वाकून पलीकडे गेली आणि चालू पडली. टेम्पोवाल्याने हॉर्न दाबून धरला. लुना उचलून बाजूला ठेवायला भगवंतला दुकानातून पाना टाकून यावं लागलं. पाठमोरी सिस्टर गल्ल्यांत शिरली, ती कुणाच्या दारात गेली हे कुणाला दिसलं नाही.

असं रोज सुरू झालं. वैतागून भगवंतने तिच्यापुरता बांबू वर करायला सुरुवात केली, पण आण्णांनी फळ्यावर लिहायला लावलं, 'शिरसाट सिस्टर, माहिती देण्यास नकार'. मग सिस्टर लुना कुणाच्याच दारात लावेना. कधी विहिरीपाशी, कधी देवळामागे लावायची आणि तिथून पायी जायची.

नवरा शंकरराव एका कारखान्यात फिटर होता. त्याने एकदा जेवताना विचारलं, "उल्हासनगरात कामं काय कमी आहेत? तिथेच कशाला जायचं भांडायला?"

"तिथे माझे पेशंट आहेत."

"आणि उद्या त्यांनी काही भलतंसलतं उठवलं तर?"

"तर उठवू दे. आपण गावकुसाबाहेर किती पिढ्या काढल्या? आता रस्त्याने जातानाही कुणी विचारायचं, कुठे चाललीस? मी चोर नाही. मी सांगणार नाही."

शंकररावने पातेल्यातली उरलेली भाजी तिच्या ताटात वाढली. "बरं. मग लुनाचा ब्रेक घट्ट करून देतो," तो म्हणाला. "येऊन-जाऊन थांबायचंच आहे, तर नीट थांब."

मार्चमधल्या एका संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, अंबरनाथच्या त्यांच्या दारात देवस्थळी उभे. इस्त्रीचा शर्ट नव्हता. बसा म्हटलं तर बसेनात. शेवटी खुर्चीच्या कडेवर टेकले.

"सिस्टर, एक काम होतं. घरी यावं लागेल. रोज." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "आमचा गुरुदत्त. इंजिनिअरिंगला होता पुण्याला. आता घरी आणलाय. गर्दची नशा करत होता. डॉक्टर म्हणाले, घरी ठेवून सोडवता येईल, पण सलाइन, इंजेक्शनं, लक्ष ठेवायला जाणतं माणूस हवं."

"येते," सिस्टर म्हणाली.

"फक्त..." त्यांनी दारातल्या लुनाकडे पाहिलं. "गाडी जरा लांब लावलीत तर."

आत शंकररावच्या हातातलं भांडं वाजलं. सिस्टरच्या मनात खूप काही आलं. मीनलचा पडलेला चेहरा आला, फळा आला, नियम एकासाठी बदलत नाही हे वाक्यही आलं. ते सगळं एका दमात या माणसाच्या तोंडावर फेकता आलं असतं आणि ते त्याने ऐकूनही घेतलं असतं. पण पुण्याहून आणलेला एक मुलगा पांघरुणात थरथरत पडला होता, आणि तो तिचा पेशंट होता.

"साहेब, मी कुणाच्याच दारात लावत नाही आता," ती म्हणाली. "तुमच्याही लावणार नाही."

देवस्थळी उठले आणि हात जोडून निघून गेले.

गुरुदत्तचे पहिले दिवस फार वाईट गेले. तो ओकायचा, शिव्या द्यायचा, एकदा त्याने सलाइनची सुई उपटून टाकली. सिस्टर दोन-दोन तास त्याच्यापाशी बसायची. हळूहळू त्याला भूक लागायला लागली. एका दुपारी त्याने आपण होऊन अंघोळ केली, तेव्हा देवस्थळीबाई मोरीच्या दाराशी उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

पण विहिरीपाशी दोन-दोन तास उभी राहणारी लुना आण्णांच्या नजरेत भरली. एवढा वेळ ही बाई जाते कुठे? नाव का सांगत नाही? दुकानात बोलणं सुरू झालं, की सिस्टर पोरीबाळींची नको ती कामं करून देते. शेवटी मंडळाची सभा ठरली. रविवारी सकाळी, शाळेच्या पटांगणात. सिस्टरने येऊन खुलासा करावा, नाहीतर तिला हेंद्रेपाडा बंद.

शंकरराव म्हणाला, "मी येतो बरोबर." लुनावर दोघं बसून आले. भगवंतने त्यांना लांबून पाहिलं आणि न विचारता बांबू वर केला.

पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या. पुढे टेबल, टेबलामागे आण्णा, देवस्थळी आणि कमिटीचे दोघे. पुरुषमंडळी पुढे, बायका मागे भिंतीच्या सावलीत. मीनलही आईबरोबर आली होती. आण्णा उठले. सुरक्षा, संस्कार, येणारी पिढी यावर बोलून झाल्यावर ते मुद्द्यावर आले.

"बाई, गेल्या मंगळवारी तुमची गाडी विहिरीपाशी दुपारी दोन तास होती. तुम्ही कुणाच्या घरी होता?"

सिस्टर उभी राहिली. "पेशंटच्या."

"कोण पेशंट?"

"ते मी सांगणार नाही."

"का? असं काय करत होता तिथे?"

देवस्थळी टेबलावरच्या तांब्याकडे बघत होते. एकच नाव. तेवढं घेतलं असतं तर आण्णांना जागच्या जागी खाली बसावं लागलं असतं, हे सिस्टरला माहीत होतं, आणि देवस्थळींनाही. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माझ्याकडे येणारा माणूस आधी दार लोटून घेतो आणि मग बोलतो," ती म्हणाली. "ते दार मी उघडणार नाही. मला इथे येणं बंद केलंत तरी चालेल."

सभेत कुजबुज झाली. आण्णा विजयाने म्हणाले, "म्हणजे सांगण्यासारखं नाही तर."

"माजे घरा आलती ती," भिंतीजवळून आवाज आला. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. सगुणाबाई उठत होती. पाड्यावरची जुनी म्हातारी, म्हशी राखणारी, तिला वचकून राहत नसेल असं तिथे कुणी नव्हतं. "मंगलवारी माजेकडं होती शिस्टर. गुडघं धरलेत माजं. काय करतंस आता, गुडघं फल्यावर लिवतंस?"

कुणीतरी फिसकन हसलं. सिस्टर चकित होऊन बघत राहिली. मंगळवारी ती सगुणाबाईच्या घराकडे फिरकलीही नव्हती.

आण्णा सावरून म्हणाले, "मावशी, दोन तास गुडघ्यांना?"

"नंतर आमच्याकडे आल्या होत्या," कुंदा म्हणाली. ती पोस्टात काम करायची, चार माणसांत कधी तोंड उघडत नसे. तिचा नवरा पुढच्या रांगेतून तिच्याकडे बघत राहिला. तिने मान खाली घातली नाही. "कशासाठी ते विचारू नका."

"आमच्याकडे पण," तिच्या शेजारची उठली.

"आणि आमच्याकडे."

मग थांबेचना. एकेक बाई पदर सावरून उभी राहत होती आणि म्हणत होती, आमच्याकडे आली होती. काहींच्या घरी सिस्टर खरोखर कधीतरी गेली होती. काहींच्या घराचा उंबराही तिने पाहिला नव्हता. एक बाई तर त्या मंगळवारी माहेरी होती, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. पुरुषांत हसू पसरलं. मागून एक जण ओरडला, "आण्णा, फळा लहान पडंल."

तेवढ्यात मीनल पुढे आली. हसणं थांबलं.

"मला टीबी झालाय," ती म्हणाली. आवाज पहिल्या शब्दाला कापला, मग स्थिर झाला. "औषध चालू आहे. डॉक्टरांनी लिहून दिलंय की मुलांना काही धोका नाही. हे मी आज सांगतेय, कारण मला सांगावंसं वाटलं. माझं दुखणं होतं, सांगायचं तर मी सांगायचं. तुमच्या नाक्याने ते माझ्याआधी सांगितलं." ती आण्णांकडे नाही, पालक बसले होते त्या बाजूला बघत होती. "सिस्टर रोज आमच्याकडे येत होत्या. याहून जास्त त्यांना विचारू नका."

मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. देवस्थळी उभे राहिले होते. सिस्टरने पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं.

"मंगळवारी सिस्टर आमच्याकडे होत्या," ते म्हणाले.

सगळं पटांगण खदाखदा हसलं. कडक देवस्थळीसाहेबसुद्धा बायकांच्या बाजूला गेले, यातच सगळ्यांना मजा वाटली. टाळ्या पडल्या. ते खरं बोलले, हे तिथे फक्त सिस्टरला आणि कोपऱ्यात उभ्या देवस्थळीबाईंना कळलं. देवस्थळींनी टाळ्या थांबायची वाट पाहिली. "अध्यक्ष म्हणून सांगतो. फळा आज उतरेल. अंधार पडल्यावर नाक्यावर माणूस राहील, चोरांसाठी. पण कोण कुणाकडे जातो, हे यापुढे इथे कुणी कुणाला विचारायचं नाही. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा."

बायकांचे हात आधी वर गेले. मग पुरुषांचे. भगवंतनेही केला. आण्णांनी इकडे तिकडे बघितलं, पटांगणभर हात दिसले, तेव्हा त्यांनीही खांद्यापर्यंत एक हात उचलला.

सिस्टर मागे भिंतीकडे गेली. सगुणाबाईने तिची मनगटं धरली. "आता खराच ये गो एक दिस. गुडघं खरंच धरलेत."

"उद्याच येते," सिस्टर म्हणाली. कुंदा तिच्याकडे बघून हसली. त्या हसण्यात धास्ती होती आणि त्या धास्तीपेक्षा मोठा आनंद होता.

शाळेच्या बाईंनी त्याच आठवड्यात मीनलला परत ये म्हणून निरोप पाठवला. पालकांपैकी दोघीजणी स्वतः घरी येऊन गेल्या होत्या. मीनलने आधी इंजेक्शनांचा कोर्स पुरा केला आणि जूनमध्ये, शाळा उघडली त्या दिवशी, नवी साडी नेसून वर्गात गेली. गुरुदत्त पुढच्या वर्षी पुण्याला परत गेला. तो का आला होता आणि कसा बरा झाला, हे हेंद्रेपाड्यात आजवर कुणाला कळलेलं नाही.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सिस्टर एकटीच निघाली होती. चिखलोलीच्या उघड्या माळावर ऊन नुकतं चढत होतं. नाका आला तेव्हा बांबू आधीच वर होता आणि भगवंत उकिडवा बसून एका सायकलचं पंक्चर काढत होता. त्याने मान वर केली, सलाम केल्यासारखा हात कपाळाला लावला आणि पुन्हा ट्यूब पाण्यात बुडवली. सिस्टरने अ‍ॅक्सिलरेटर पिळला. लुना किंचाळत, धूर सोडत, सुसाट नाक्यातून पार झाली. ती पहिल्या वळणाला उजवीकडे गेली की डावीकडे, हे बघायला कुणीही उठून उभं राहिलं नाही.